शिडी-चासीच्या जड एसयूव्हीतले धक्के कमी कसे करावेत?

घोडबंदरकर

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्याकडे शिडीच्या चासीवर (बॉडीखालच्या शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका कंपनीपुरता नसून या बांधणीच्या सगळ्याच गाड्यांना लागू पडणारा आहे. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन आर्मवर स्वतंत्रपणे हलणारी रचना), मागे कॉइल स्प्रिंगांवर बसवलेला अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस), टायर २६५/६० आर १८ आणि ओडोमीटर नव्वद हजारांच्या पुढे गेलेला, एवढी माहिती पुरेशी व्हावी.

रोजचा रस्ता कासारवडवली ते माजिवडा. अधूनमधून कल्याणमार्गे मुरबाडजवळच्या गावी जाणे होते. त्रास दोन प्रकारचा आहे. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे जागोजागी डांबराची ठिगळे, उचकटलेले पेव्हर ब्लॉक आणि वर आलेली झाकणे आहेत. तिथे कमी वेगातही धक्का टोचल्यासारखा थेट आत येतो आणि बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. याउलट मुरबाडच्या रस्त्यावर वेग वाढला की लांबट उंचवट्यानंतर मागची बाजू दोन-तीनदा वरखाली होऊनच स्थिरावते. माझ्या आईला कमरेच्या मणक्याचा जुना त्रास आहे आणि हल्ली ती गावी यायला नाही म्हणते. मला हे मनाला लागले आहे.

एका गॅरेजने गाडीची उंची वाढवणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच सुचवला, टायरच्या दुकानात जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर सुचवले, आणि तिसऱ्याने स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर घालायला सांगितले. खर्च करायची तयारी आहे. परंतु तो कोणत्या क्रमाने करावा, हे अनुभवी सभासदांकडून जाणून घ्यायचे आहे.

नेरूळचा_प्रवासी

सर्वांत आधी टायरमधली हवा तपासा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष टायरमधला आकडा दोन्ही इथे लिहा.

यंत्रविद

मी नोकरीची बरीच वर्षे वाहनांच्या सस्पेन्शनच्या कामात घालवली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. घोडबंदरकर, तुम्ही दोन त्रास वेगवेगळे सांगितलेत हे फार बरे केलेत, कारण त्यांची कारणेही वेगळी आहेत आणि एका उपायाने दोन्ही जातील अशी अपेक्षा ठेवली की पैसे वाया जातात.

स्प्रिंगांवर तोललेली बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा या गतीने डोलते. हे डोलणे रोखण्याचे काम शॉकअपचे असते. उंचवट्यानंतर मागची बाजू दोन-तीनदा वरखाली होते याचा अर्थ मागच्या शॉकअपमधली रोधशक्ती बरीच कमी झाली आहे. नव्वद हजार किलोमीटरनंतर आपल्या रस्त्यांवर यात नवल नाही. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलसर थर आणि त्यावर बसलेली धूळ दिसते का ते पाहा. तसे काही दिसले नाही तरी शॉकअप चांगला आहे असे मात्र समजू नका. टायरच्या नक्षीवरून तळहात गोलाकार फिरवून पाहा. पृष्ठभाग लाटांसारखा वरखाली लागला तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारत चालले आहे, हे हाताला कळते.

दुसरा, म्हणजे कमी वेगात टोचणारा त्रास चाकांच्या थरथरीचा आहे. चाक, टायर, ब्रेक आणि ॲक्सल हे सगळे स्प्रिंगच्या खालचे वजन. ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा या गतीने हलते. अखंड ॲक्सलच्या गाडीत हे वजन जास्त असते, शिवाय एका बाजूचे चाक उचलले गेले की दुसऱ्या बाजूलाही त्याचा हिसका बसतो. डोके डावी-उजवीकडे हलते ते मुख्यतः यामुळे. या थरथरीवर पहिला पहारा टायरचा, दुसरा रबरी बुशांचा (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्यांचा), आणि शिडीच्या चासीत तिसरा पहारा बॉडी व चासी यांच्यामधल्या रबरी माउंटचा. शॉकअपचा क्रमांक त्यानंतर येतो.

बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या हादऱ्यांना सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात सर्वांत जास्त संवेदनशील असते. आईंच्या कमरेच्या दृष्टीने हा पट्टा लक्षात ठेवा, त्याबद्दल पुढे लिहीन.

वाशी_सेक्टर१७

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ही बांधणी मुळात ओझे वाहण्यासाठी आहे. तिच्यावर लाखभर रुपये खर्च करण्याऐवजी ती विकून एकसंध बॉडीची (वेगळी चासी नसलेली) गाडी घ्यावी. १९९८ मध्ये आलेली सफारी शिडीच्या चासीवर होती आणि २०२१ ची सफारी एकसंध बॉडीची आहे. कंपन्यांनीच जर हा रस्ता धरला आहे, तर आपण का धरू नये? शहरात राहणाऱ्या कुटुंबाला चासीची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

घोडबंदरकर

वाशी_सेक्टर१७, राग मानण्यासारखे काही नाही. गावाकडचा शेवटचा टप्पा कच्चा आहे आणि पावसाळ्यात एक ओहोळ ओलांडावा लागतो. भात झोडपल्यावर पोती याच गाडीतून येतात. शिवाय दहा वर्षांच्या आत असलेली, इंजिन उत्तम चालणारी गाडी केवळ धक्क्यांसाठी काढून टाकणे मला पटत नाही.

नेरूळचा_प्रवासी, सकाळी गाडी थंड असताना मोजले. पट्टीवर २९ पीएसआय लिहिले आहे. चारही टायरमध्ये ३५ ते ३६ आहे. पंपावर ‘मोठी गाडी आहे, पस्तीस टाकतो’ असे सांगून भरले जाते.

नेरूळचा_प्रवासी

मग निम्मे उत्तर इथेच आहे. सहा-सात पीएसआय जास्त म्हणजे टायरची भिंत ताठ होते आणि लहान खड्ड्याचा धक्का तिथे न जिरता सरळ वर जातो. पट्टीवरच्या आकड्यावर या. मात्र त्याच्या खाली जाऊ नका. कमी हवेचा टायर महामार्गावर तापतो आणि त्याची भिंत आतून खराब होते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, म्हणून मोजमाप नेहमी थंड टायरवर, शक्यतो सकाळी निघण्यापूर्वी करावे. पोती भरून येताना मात्र पूर्ण भारासाठी पुस्तिकेत दिलेला दाब ठेवा.

पामबीच

नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ चालते असे माझ्या टायरवाल्याने सांगितले होते आणि मला फरक जाणवलाही.

यंत्रविद

पामबीच, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. समान दाबाला टायरचा ताठपणा दोन्हींत सारखाच राहतो. नायट्रोजन भरताना जुनी हवा काढून दाब योग्य आकड्यावर आणला जातो. तुम्हाला जाणवलेला फरक त्याचा असावा. नायट्रोजन भरण्यात तोटा नाही, पण सुखद प्रवासासाठी त्याचे वेगळे पैसे देण्याची गरज नाही.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट

आमचा मालवाहतुकीचा धंदा असल्याने कमानपाट्यांच्या (एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) गाड्यांशी रोजचा संबंध आहे. रिकामा ट्रक उरणच्या रस्त्यावर कसा उडत जातो आणि तोच माल भरल्यावर कसा शांत चालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रश्नाचे मूळ लगेच कळेल. मागच्या स्प्रिंगा पूर्ण भाराचा हिशेब धरून बनवलेल्या असतात. सात माणसे आणि सामान धरून केलेली स्प्रिंग दोन माणसांना कडकच लागणार. घोडबंदरकरांना एक प्रयोग सुचवतो: तिसरी रांग पाडून, बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर, तांदळाची दोन पोती नीट बांधून ठेवा आणि त्याच रस्त्यावरून जाऊन पाहा. टोचणे कमी झाले तर प्रश्न स्प्रिंगच्या कडकपणाचा आहे. कमी झाले नाही, तर बुश आणि टायर पाहा. यात खर्च शून्य.

मात्र कायमचे वजन ठेवून गाडी चालवू नये. ब्रेक आणि डिझेल दोन्हींवर त्याचा भार पडतो.

पाचपाखाडी_७

रबरी बफरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझ्या लहान गाडीत बसवले होते. जमिनीपासूनची उंची थोडी वाढली आणि भरलेली गाडी गतिरोधकाला घासायची थांबली, पण धक्के वाढले. वेटोळ्यांमध्ये रबर अडकवले की स्प्रिंगचा तेवढा भाग काम करेनासा होतो, म्हणजे स्प्रिंग जास्त कडक होते. घोडबंदरकरांना नेमके याच्या उलटे हवे आहे.

सह्याद्री_४x४

मी उंची वाढवणाऱ्या संचाच्या बाजूने लिहितो, कारण इथे त्याला सरसकट वाईट ठरवले जाईल अशी शक्यता दिसते. माझ्या गाडीत जाड नळीचे, नायट्रोजन भरलेले शॉकअप आणि नव्या स्प्रिंगा आहेत. माळशेज घाटात वळणांवर गाडीचे झुकणे निम्म्यावर आले आणि खडकाळ वाटेवर शॉकअप तापून ढिले पडत नाहीत. कडक सस्पेन्शन म्हणजे वाईट प्रवास हे समीकरण मला मान्य नाही. फार मऊ गाडी वळणावर झोकांड्या खाते, त्यानेही माणूस थकतो.

यंत्रविद

सह्याद्री_४x४ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु त्यांच्या गाडीला पुढे लोखंडी बंपर आणि विंच, मागे पेटारे असणार असा माझा अंदाज आहे. बाजारात मिळणाऱ्या अशा संचांतल्या स्प्रिंगा ‘गाडीवर कायम किती जादा वजन राहणार’ या हिशेबाने वेगवेगळ्या दिल्या जातात. जादा वजन नसलेल्या गाडीत जादा वजनाची स्प्रिंग घातली की ती मूळ स्प्रिंगपेक्षा कडक लागणारच. घोडबंदरकरांच्या गाडीवर असे काही नाही. त्यांनी मूळ स्प्रिंगा ठेवून फक्त शॉकअप बदलावेत, आणि तेही मूळ उंचीचे. त्यातही शॉकअप जितका महाग तितका मऊ, असे नसते. संथ डोलणे रोखणारा पण अचानक बसलेल्या धक्क्याला वाट देणारा शॉकअप निवडणे महत्त्वाचे आहे. २०२२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनमध्ये हालचालीच्या वारंवारतेप्रमाणे रोध बदलणारे शॉकअप याच कारणासाठी दिले आहेत, आणि त्यांत कोणतेही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही, सगळे काम आतल्या झडपा करतात.

ॲड_कोपरी

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होईल असे फेरफार वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा शॉकअप बसवणे ही देखभाल झाली. उंची वाढवणे हा वेगळा विषय आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहतो, हेही विसरू नये.

खारघर_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एवढी सगळी चर्चा स्प्रिंगांवर झाली, पण आई कुठल्या आसनावर बसतात हे अजून कोणी विचारलेले नाही.

घोडबंदरकर

ताई, योग्य विचारलेत. मुलांना मधली रांग हवी असते आणि पुढे वडील बसतात, त्यामुळे आई बहुधा तिसऱ्या रांगेत असते.

खारघर_फिजिओ

दादा, हे आजच बदला. तिसरी रांग मागच्या ॲक्सलच्या वर किंवा त्याच्याही मागे असते. मागचे चाक उचलले गेले की तिथे बसलेल्याला सर्वांत मोठा झोका बसतो. त्या आसनाची बैठकही जमिनीलगत असते, गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही, आणि शरीराचा सगळा भार बसण्याच्या हाडांवरून थेट कमरेच्या मणक्यांवर जातो. दोन्ही ॲक्सलच्या मधोमध असलेली जागा सर्वांत स्थिर, म्हणून आईंना मधल्या रांगेत किंवा पुढे बसवा. पाठ थोडी मागे कललेली असावी, कमरेच्या खोलगट भागात घडी केलेला टॉवेल ठेवावा आणि पावले पूर्ण टेकलेली असावीत. मऊ उशीवर उशी ठेवून बसवू नका. अशी बैठक धक्क्यानंतर परत वर फेकते आणि मणक्याला दुसरा धक्का बसतो.

सह्याद्री_४x४ यांनी फार मऊ गाडीबद्दल लिहिले ते आरोग्याच्या दृष्टीनेही खरे आहे. सेकंदाला अर्ध्याहून कमी वेळा, अगदी संथपणे शरीर हलत राहिले की मळमळते. घाटात मुलांना गाडी लागते त्यामागे वळणांवरचे असे संथ डोलणेही असते.

यंत्रविद

ताईंनी लिहिले ते मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते इतके महत्त्वाचे आहे. त्याला जोडून वेगाचे गणित सांगतो. काँक्रीटच्या रस्त्यांवर आपल्याकडे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे. हे नेमके त्या चार-ते-आठच्या पट्ट्यात बसते. ताशी ६० ला हाच आकडा चारच्या खाली येतो. सांधे उंचसखल झालेल्या पट्ट्यावर थोडा वेग कमी केला की कमरेला बरे वाटते, त्याचे कारण हे आहे.

मानपाडा_टायर

टायरबद्दल राहिले आहे ते पूर्ण करतो. तुमच्या २६५/६० आर १८ टायरची भिंत १५९ मिलिमीटर उंच आहे. २६५/६५ आर १७ घेतला तर भिंत १७२ मिलिमीटर होते आणि बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. तेरा मिलिमीटर जास्त रबर लहान खड्ड्यांवर नक्की जाणवते. परंतु ही अदलाबदल तेव्हाच करावी, जेव्हा तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकारात कंपनी १७ इंची चाक देते आणि ते ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही याची खात्री झाली आहे. ऑल-टेरेन टायर घेऊ नका, विशेषतः ‘एलटी’ अक्षरे असलेले. ते हलक्या मालवाहू गाड्यांसाठी असतात, भिंत जाड आणि ताठ असते, आणि वजनही जास्त. गावाकडच्या कच्च्या रस्त्याला साधा हायवे टायर पुरतो.

घणसोली_गॅरेज

माझे स्वतःचे लहान गॅरेज आहे, म्हणून हाताखालची एक गोष्ट सांगतो. शॉकअप किंवा खालचा आर्म (चाकाला चासीशी जोडणारी दांडी) बदलायला गाडी लिफ्टवर घेतात. चाके खाली लोंबकळत असतात. त्याच अवस्थेत बुशाचा बोल्ट पूर्ण आवळला, तर आतली लोखंडी नळी त्याच कोनात पकडली जाते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि बुशाचे रबर कायमचे पिळलेले राहते. असे रबर धक्का घ्यायच्या आधीच ताणलेले असते. नवे सामान घालूनही गाडी कडक लागते आणि काही महिन्यांत बुशाला कडेने चीर पडते. गिऱ्हाईक म्हणते सामान वाईट होते. सामान चांगले असते, आवळणे चुकलेले असते.

लिफ्टवर बोल्ट फक्त हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उभी करून दोन-तीनदा दाबून हलवावी, आणि मग टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळावे. घोडबंदरकर, काम करून घेताना समोर उभे राहा आणि एवढे एकच पाहा. पुढच्या खालच्या आर्मचे मोठे बुश आणि मागच्या ॲक्सलच्या लांब दांड्यांचे बुश टॉर्चने बघून घ्या. रबरात बोटाचे नख जाईल एवढी चीर असेल तर बदलाच. शेवटी अलाइनमेंट करा.

सह्याद्री_४x४

घणसोली_गॅरेज, फार मोलाची माहिती. माझ्या गाडीचे बुश लवकर का गेले असावेत, याचा उलगडा आता होतो आहे. ॲड_कोपरी यांनी मांडलेला मुद्दाही मी गांभीर्याने घेतला आहे.

घोडबंदरकर

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यावर ठरलेल्या क्रमानेच गेलो. हवा २९ वर आणल्यावर पेव्हर ब्लॉकवरचे टोचणे त्याच दिवशी कमी वाटले. पोत्यांचा प्रयोगही केला. मागचे टोचणे थोडेच कमी झाले, म्हणून बुश पाहिले. पुढच्या खालच्या आर्मचे दोन्ही बुश चिरलेले निघाले आणि मागचा एक शॉकअप पाझरत होता. मूळ मापाचे चारही शॉकअप आणि पुढचे बुश बदलले, बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळून घेतले. मुरबाडच्या रस्त्यावर मागची बाजू आता एका झोक्यात स्थिर होते. आई मधल्या रांगेत बसली आणि गावी पोहोचल्यावर कोणाचा हात न धरता उतरली.

टायर अजून बरेच उरले आहेत, म्हणून १७ इंची चाकांचा विचार ते झिजल्यावर करीन. एक गोष्ट मात्र राहिली आहे: एका बाजूचे चाक ठिगळावर चढले की डोके अजूनही आडवे हलते. यावर उपाय आहे का?

यंत्रविद

पूर्ण उपाय नाही, आणि कोणी तसे आश्वासन दिले तर पैसे देऊ नका. तुमच्या मागच्या ॲक्सलला आडवे धरणारी एक तिरकी दांडी असेल, जिचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला जोडलेले असते. ॲक्सल वर येताना ती दांडी कमानीत फिरते आणि ॲक्सलला किंचित बाजूला सारते. एन्डेव्हरमध्ये आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये यासाठी वॉट जोडणी (मध्ये फिरणारा दुवा आणि त्याला जोडलेल्या दोन दांड्या) वापरली आहे. जेम्स वॉटने ती १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी शोधली होती. तिच्यामुळे ॲक्सल सरळ वर जातो, परंतु ती नंतर बसवण्याची वस्तू नाही. तुम्ही त्या तिरक्या दांडीची दोन्ही बुश आणि स्टॅबिलायझर बारचे (गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांडीचे) लहान दुवे तपासून घ्या. त्यांत खेळ आला असेल तर आडवा हिसका वाढतो, आणि हे सुटे भाग बाकीच्यांच्या मानाने स्वस्त आहेत. नव्वद हजारांनंतर बॉडीखालचे रबरी माउंटही एकदा पाहावेत. दबून सपाट झालेले असतील तर सगळे एकदम बदलावेत.

चालवताना गतिरोधक तिरका घेऊ नका. गाडी खालून घासत नसेल तर दोन्ही चाके एकदम चढू द्या, म्हणजे धक्का उभा बसतो आणि आडवा झोका टळतो. एकाच बाजूला ठिगळ असेल तर ते दोन्ही चाकांच्या मधून काढता येते का पाहा, कारण या गाडीची उंची तेवढ्यासाठी पुरेशी आहे.

घणसोली_गॅरेज

तिरक्या दांडीचा बोल्टही गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचा. आणि माउंट बदलायचे ठरले तर स्टीअरिंगचा जोड आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत याकडे लक्ष देणारा माणूस निवडा. बॉडी चासीवरून थोडी उचलावी लागते.